आठातली पाचवी

लोणावळा
१२ जून २०२४

श्रीमती विठाबाई लोहोर यांना,

आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. मी आसावरी टिळेकर, इथल्या शाळेत इतिहास शिकवते. आपले यजमान सोपानराव आमच्या चॅपलच्या घंटा २००८ पर्यंत, सदतीस वर्षं वाजवत होते, असं ऑफिसातून कळलं. आपला वडिवळ्याचा पत्ता तिथेच मिळाला, फोन नंबर मात्र नव्हता.

या डिसेंबरात घंटांना शंभर वर्षं होतील. आठही घंटा उतरवून दुरुस्त करायच्या आहेत आणि एक पुस्तिका काढायची आहे. ते काम माझ्या गळ्यात आलं आहे. शाळेत सगळे या संचाला कॅरिलॉन म्हणतात. खरं तर कॅरिलॉनला निदान तेवीस घंटा लागतात, पण शंभर वर्षं तसंच चाललंय, आता कोण बदलणार?

माझा प्रश्न संध्याकाळच्या सहाच्या धुनेबद्दल आहे; ती त्यांच्यानंतर कुणी वाजवलेली नाही. माजी विद्यार्थी ती गुणगुणतात तेव्हा प्रत्येक ओळीत काही ठरावीक जागी थांबतात, श्वासभर. एकांनी तर लिहून पाठवलंय की ते दिवंगत शिक्षकांसाठी पाळलेलं मौन आहे. सोपानराव याबद्दल कधी काही बोलले होते का? मनोऱ्याच्या पायथ्याशी फलक बसवायचा आहे, त्यावर त्यांचं नाव घालायचं समितीने ठरवलं आहे.

सवडीने उत्तर द्यावं.

आपली,
आसावरी टिळेकर


वडिवळे
२७ जून

मास्तरीणबाई,

तुमचं पत्र लोणावळ्याहून निघालं आन कामशेतात आठ दिवस झोपलं. तुमी चालत निघाला असता तर आधी पोचला असता.

फोनचा मला उपयोग न्हाई. मनोऱ्याच्या बुडाशी खोली होती आमची, सदतीस वर्षं तितं काढली, कान गेले. नातवाने कानाचं मशीन आणलं. एक दिवस लावलं तर सून माझ्याबद्दल काय काय बोलते ते सगळं ऐकू आलं. काढून डब्यात ठेवलं.

लिहिता येतं ते असंच येतं. शाळा दोन वर्षं झाली आन मग म्हशी वाट्याला आल्या. बाकीचं मालकांनी शिकवलं. चुका पोरांच्या काढा, माझ्या काढू नका.

तुमाला इतिहास पाहिजे, तर आजेसासऱ्यांनी सांगितलेला सांगते. घंटा बोटीने मुंबईला आल्या, आगगाडीने लोणावळ्याला. टेसनापासून वर बैलगाड्यांनी नेल्या, त्यात आजेसासरे गाडीवान होते. थोरलीला सहा बैल जुंपले होते. एक बैल चढावर बसला तो उठलाच न्हाई. त्याचं नाव फलकावर घालता का बघा.

वाजवायचं कसं, तर खालच्या खोलीत आठ लाकडी दांडे, मुसळाएवढे जाड. दांडा दाबला की तार ओढते आन वर टोल पडतो. दांड्यांवर एक ते आठ आकडे. मालकांना गाणं येत नव्हतं, आकडे येत होते. वहीत ओळीने आकडे लिहिलेले, तीन पाच पाच सहा पाच तीन, असे. ते ताप येऊन पडले की मी वाजवायची. कुणाला कळलं न्हाई. भाताची लावणी करणाऱ्या बाईला आकडे चुकत न्हाईत.

मौन बिन काही न्हाई. पाचवी घंटा पहिल्यापासून मुकी होती. मालक कामाला लागायच्या आधीपासून. तेवढंच.

नाव घालायचं तर घाला. ते काय वाचायला येत न्हाईत.

विठाबाई


लोणावळा
१५ जुलै

आजी,

'आजी' म्हटलं तर चालेल ना? तुमचं पत्र स्टाफरूममध्ये मी दोनदा वाचून दाखवलं. बैलाचा मजकूर पुस्तिकेत घेते आहे.

पण एक अडचण आली. १९८१ च्या क्रीडादिनाची एक कॅसेट सापडली. तीत सहाची धून आहे आणि ती अखंड आहे. कुठेही थांबत नाही. म्हणजे तेव्हा पाचवी वाजत होती.

मागच्या आठवड्यात घंटा खाली उतरवल्या. पाचवीला काठापासून वर हातभर तडा आहे. आतून काळी पडली आहे, जळल्यासारखी. दुरुस्ती करणारे म्हणतात, ही घंटा आधी तापली आणि मग एकदम गार पडली. वीज पडली असेल असं आमच्या समितीचं मत होतं. मग मी जुनं कामगार रजिस्टर काढलं. जून १९८६ ची नोंद अशी आहे: 'गेणू घारे, माळी. परवानगीशिवाय मनोऱ्यात जाळ करून पाचव्या घंटेला तडा पाडला. कामावरून कमी.'

हे गेणू घारे कोण? पुस्तिकेत 'पाचव्या घंटेची दुर्घटना' म्हणून एक पान होईल, चांगलं होईल. सोपानरावांनी फुटक्या घंटेवरही बावीस वर्षं धून चालू ठेवली, ही गोष्ट मुलांना कळायला हवी. तुम्हाला कदाचित जुनं आठवत नसेल, म्हणून विचारते.

आसावरी


वडिवळे
२९ जुलै

मास्तरीणबाई,

मला सगळं आठवतं. कान गेलेत, डोकं न्हाई गेलं.

गेणूचं नाव छापू नका. तो मेलेला न्हाई, पवनानगरला असतो, सून आहे, नातवंडं आहेत, त्यांना वाचता येतं. रजिस्टरात काय पण लिहितात. ते पान गाळा. मालकांचं नाव पण गाळा मग, माझं काही म्हणणं न्हाई.

लावणी चाललीय. कंबर धरलीय. पुन्हा लिहायला लावू नका.

वि.


लोणावळा
९ ऑगस्ट

आजी,

तुम्ही रागावलात हे कळलं. का रागावलात हे कळलं नाही.

माझी बाजूही समजून घ्या. समितीत सहा माणसं आहेत आणि सहाही जण मला इतिहास शिकवतात. रजिस्टरमधली नोंद सगळ्यांनी पाहिली आहे. घंटा फुटली हे आता लपत नाही, ती व्हरांड्यात ठेवली आहे, पोरं तड्यात बोट घालून बघतात. का फुटली हे लिहावंच लागेल, आणि माझ्याकडे एकच कागद आहे. तो खोटा असेल तर मला खरं सांगा. खरा असेल तर मी नाव जरा सौम्य शब्दांत घालीन, यापलीकडे माझ्या हातात काही नाही. शाळा सुटल्यावर रोज दोन तास हेच करते आहे. मीही थकले आहे.

पुस्तिका पाच सप्टेंबरला छपाईला जाते.

आसावरी


वडिवळे
२२ ऑगस्ट

आसावरी,

सौम्य शब्दांत. म्हणजे कानफटात मारायची पण हळू.

लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार न्हाई, म्हणून एका बसणीत लिहिते.

त्या वर्षी एप्रिलात शाळेला सुटी लागली. सुटीत आठी घंटा वाजत न्हाईत, रविवारी नुसती थोरली. मनोरा शांत राहिला की आग्या मोहोळ येतं. आलं. पाचवीच्या वरच्या वाशाला धरलं, सुपाएवढं. मालक तेल द्यायला वर गेले तर आठ-दहा ठिकाणी चावलं, दोन दिवस तोंड सुजून भोपळा. तरी म्हणाले राहू द्या, पाऊस लागला की आपोआप उठतंय. मला पटलं न्हाई. शाळा जूनमधे उघडणार, एखाद्या पोराला चावलं तर कुणाला धरणार? घंटावाल्याला. आन दुसरं, मध पाहिजे होता. खोटं कशाला बोलू.

मालक तळेगावला बहिणीकडे गेले तो दिवस मी धरला. गेणूला बोलावलं. तो बागेचं काम करायचा आन मध काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मालकांचा जिवाचा दोस्त, दोघं एकाच ताटात जेवायचे. तो म्हणाला वैनी, सोपानला विचारलं का? मी म्हटलं व्हय.

त्याने मला सांगितलं, घमेल्यात ओला पाला घाला, नुसता धूर झाला पाहिजे. तो स्वतः चढणार होता. पण शिडी डुगडुगत होती आन त्याचं वजन जास्त, म्हणून त्याने धरली आन मी चढले. वर घमेलं टांगलं. ओला पाला पेटेना. मला धीर न्हाई. कमरेला पेंढ्याची जुडी खोवली होती, ती घातली.

भडकाच उडाला. मोहोळ उठलं ते उठलं, पण मेण पेटून घंटेवर गळायला लागलं. घंटा पेटली असं दिसलं मला. जवळ पाण्याची कळशी होती, ती ओतली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. एवढाच. मध सगळा जळला. बोटभर पण मिळाला न्हाई.

खाली येऊन गेणूला म्हटलं, मालकांना सांगायचं न्हाई. तो बरं म्हणाला.

जूनमधे मालकांनी पाचवा दांडा दाबला तर फुटकं मडकं वाजलं. वर जाऊन काजळी बघितली. फादरांना कळलं. मनोऱ्यात मधासाठी जाळ करणारा माणूस कोण, हे कुणाला विचारायची गरज पडली न्हाई. गेणूला ऑफिसासमोर उभं केलं. त्याने कुणाचं नाव घेतलं न्हाई, आपण न्हाई केलं असं पण म्हणाला न्हाई. माझ्याकडे बघितलं. मी दारात तांदूळ निवडत होते. मी मान वर केली न्हाई.

खोलीत तीन पोरं होती. मी बोलले असते तर खोली गेली असती. हे मी अडतीस वर्षं स्वतःला सांगते. असेल पण खरं. पण तांदळात त्या दिवशी खडा एक पण नव्हता, तरी मी निवडत होते.

तो गेला. मालक त्याच्याशी पुन्हा बोलले न्हाईत. त्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका आली ती चुलीत घातली. गेण्याने माझी पाचवी मारली म्हणायचे. आन रोज संध्याकाळी पाचचा आकडा आला की दांड्यावर हात नेऊन थांबायचे, दाबायचे न्हाईत. तेच तुमचं मौन.

घंटा फोडली हे एक, गेणूला जाऊ दिलं हे दुसरं. आता तिसरं सांगते, ते छापू नका. दोन हजार सोळात मालक आजारी होते. शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाले, गेण्याला बोलाव. मी म्हटलं त्याच्या घराला कुलूप आहे. कुलूप नव्हतं. मी गेलेच नव्हते. तो आला असता तर दोघांत बोलणं झालं असतं, आन त्यात ते निघालं असतं.

पुस्तिकेत लिहा, घंटा विठाबाई सोपान लोहोर हिने फोडली. माझं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुटं छापलेलं न्हाई. छापायचं तर खरं छापा.

विठाबाई


लोणावळा
१४ ऑक्टोबर

आजी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण समितीत भांडणं चालू होती.

तुमचं पत्र मी समितीला वाचून दाखवलं नाही. मधला भाग तेवढा सांगितला. पहिली सूचना आली की पानच गाळू या, 'उगाच कटुता नको'. दुसरी आली की सोपानरावांचं नाव फलकावरून काढावं, कारण 'घरचाच हात' होता. तिसरे म्हणाले, बाईंचं वय झालंय, त्यांचं काय खरं धरता. मी छपाई थांबवली. त्यावरून मला बरंच ऐकावं लागलं.

शेवटी एवढं झालं. रजिस्टरमधल्या नोंदीखाली मुख्याध्यापकांनी लिहून सही केली: 'वरील नोंद चुकीची आहे. गेणू घारे यांचा दोष नव्हता.' पुस्तिकेत तुम्ही सांगितलेलं वाक्य आहे, आणि शिडीचा उल्लेख आहे. सोपानरावांचं नाव राहिलं. तिसरं छापलं नाही.

पाचवी नव्याने ओतून येते आहे. तिच्यावर गेणू घारे यांचं नाव घालावं असं मुख्याध्यापकांच्या मनात आहे. पण त्यांना हे सगळं आमच्याकडून, टपालाने कळावं, हे मला बरोबर वाटत नाही. त्यांना आधी कुणीतरी भेटायला हवं. कुणी, ते मी सांगत नाही.

आसावरी


वडिवळे
२० नोव्हेंबर

आसावरी,

सांगत न्हाई म्हणतेस आन सांगतेस. मास्तरणीची जात.

भात काढून झालं, मग गेले. कामशेतातून जीपमधे बसले. तुमच्या पुण्याची पोरं तंबूत झोपायला धरणावर चालली होती, त्यांच्या गिटारीच्या पेटीवर पाय ठेवून गेले.

गेणू अंगणात जाळं सांधत बसला होता. धरणात जमीन गेल्यापासून त्यांच्या घरात मासेमारीच आहे. म्हातारा झालाय. मी झालेच आहे. त्याने मला ओळखलं, पण उठला न्हाई. गुडघे, म्हणाला. ते त्याच्या सुनेने सांगितलं. सारिका नाव तिचं. मला ऐकू येत न्हाई आन त्याला ओरडून बोलवत न्हाई, म्हणून ती मधे बसली आन त्याचं बोलणं माझ्या कानाला तोंड लावून सांगायला लागली. म्हणजे जे काय झालं ते सगळं सुनेच्या तोंडून झालं. मी एकटीने त्याला सांगायचं ठरवून गेले होते. असं कुटं घडतं.

मी सांगितलं. रजिस्टरातली नवी नोंद सांगितली. मी खोटं बोलले होते की मालकांना विचारलंय, ते पण सांगितलं. त्याचे हात जाळ्यात चालूच होते. मग सारिका कानाशी म्हणाली, "आबा म्हणतात, शिडी कुणी धरली व्हती?"

मी म्हटलं, तुमी.

"मंग," म्हणाला तो. तेवढं मला ओठांवरून कळलं.

मला वाटलं सुटले. चहा आला, प्याले. उठायच्या बेतात होते तर त्याने विचारलं, सोपान शेवटाला काय म्हणला? आता त्याला काय सांगणार? घरून ठरवून निघाले होते की एवढं सांगायचं न्हाई. सांगितलं. दोनदा म्हणाले गेण्याला बोलाव, आन मी कुलूप म्हणून सांगितलं.

हात थांबले त्याचे. सारिकाने पण मान खाली घातली. मग तो काहीतरी बोलला आन ती ते माझ्या कानात सांगेना. मी म्हटलं सांग बाई, मी ऐकायलाच आलेय.

"आबा म्हणतात, आलो असतो. जीप मिळाली नसती तर चालत आलो असतो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

निघताना घंटेवरच्या नावाचं विचारलं. नको म्हणाला. नाव वाचायला तिथवर मान कुणाची जाते? मला ती वाजताना ऐकायची हाय, म्हणाला, एकदा. तेवढं कर.

जीपने त्याचे गुडघे यायचे न्हाईत. शाळेची गाडी पाठव.

विठाबाई


लोणावळा
२ डिसेंबर

आजी,

गाडी चौदा तारखेला दुपारी दोनला आधी पवनानगरला जाईल, मग वडिवळ्याला येईल. ड्रायव्हरचं नाव संदेश, त्याला सगळं सांगितलंय. चॅपलसमोर अंगणात खुर्च्या आहेत, पुढच्या ओळीत दोन तुमच्या. भाषणं चार आहेत. मी तीनवर आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

माजी विद्यार्थ्यांनी वेगळाच घोळ घातलाय. त्यांना धून थांबणारीच हवी आहे, आम्ही तीच शिकलो म्हणतात. शेवटी ठरलं की चौदाला पूर्ण वाजवायची, मग त्यांना काय आवडतं ते बघू.

ऊन उतरलं की तिथे गारठतं. शाल आणा.

आसावरी


वडिवळे
१८ डिसेंबर

आसावरी,

तू त्या दिवशी पळत होतीस म्हणून बोलणं झालं न्हाई. तोंड सुकलं होतं तुझं. चार दिवस झोप काढ, इतिहास कुटं पळून जात न्हाई.

गाडीत गेणू आन मी मागे बसलो. कामशेत ते लोणावळा एक शब्द न्हाई. मला ऐकू येत न्हाई हे त्याला माहीत होतं, म्हणून बोलला न्हाई का बोलायचंच नव्हतं, मी विचारलं न्हाई. मनोरा दिसला तशी त्याने टोपी नीट केली.

भाषणं मला फार आवडली. एक पण ऐकू आलं न्हाई. फलकावर मालकांचं नाव बघितलं. बैल न्हाई. ते शेवटचे जाडे गृहस्थ माझ्याकडे हात करून काहीतरी म्हणाले आन सगळ्यांनी माना वळवून बघितलं, तेव्हा कळलं पुस्तिकेतलं वाचलं म्हणून. एक बाई तर मला बघायला उठून उभी राहिली. बघू दे. मी पण तिला बघितलं.

मग सहाला वाजायला लागलं. ते मला पायातून कळतं. थोरली वाजली की खुर्ची हलते, अजून हलते. बाकीच्या साती माझ्यासाठी गेल्या. आकडे मात्र गेले न्हाईत. खुर्चीच्या हातावर बोटाने मोजायला लागले. तीन. पाच आला तसं बोट उचललं आन तसंच धरलं, मालक धरायचे तसं. सवय. आता वाजली का न्हाई मला कसं कळणार? लोकांच्या तोंडाकडे बघितलं तर सगळी मोबाइल वर धरून उभी.

गेणूकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. माझ्याकडे न बघता त्याने हात पुढे केला आन माझ्या उचललेल्या बोटावर आपलं बोट ठेवून ते खाली दाबलं. मग पुन्हा पाच आला, पुन्हा दाबलं. सहाला हात काढून घेतला. पाचला परत. ओळ संपेपर्यंत एक पण चुकला न्हाई. गाणं त्याला पण येत नव्हतं कधी. मालकांशेजारी बसून आकडे ऐकायचा तो, तेव्हा.

परत त्याच गाडीने आलो. वडिवळ्याला उतरले तेव्हा गेणूने गाडीच्या काचेतून एवढंच केलं, हात वर. म्हणजे येतो, का जा, का झालं ते झालं, देव जाणे. माफ केलं का असलं काही मी त्याला विचारणार न्हाई आन तू पण विचारू नकोस.

कानाचं मशीन डब्यातून काढलंय. सेल गेलेत त्याचे, नातू आणतो म्हणतो. सून बोलते ते बोलू दे. संक्रांतीनंतर पवनानगरला जाईन म्हणते, आन दर वेळी सारिकाला मधे बसवणं बरं दिसत न्हाई.

फुटकी पाचवी व्हरांड्यात तशीच ठेवा. वितळवू नका. पोरांना तड्यात बोट घालू द्या.

विठाबाई लोहोर